रान विंचरणारे दाताळे

मार्च-एप्रिलच्या सुमारास परभणीहून हिंगोलीकडे जाताना हट्ट्याचे शिवार नीट पाहिले, तर वसमत तालुक्याची सगळी शेती एका नजरेत येते. एका रानातून हळद निघालेली असते, गादीवाफे मोडलेले असतात आणि वाळका पाला बांधाला लागलेला असतो. शेजारच्या रानात ऊस तुटून गेलेला असतो आणि पाचटाखाली जमीन दिसत नाही. पलीकडे हरभरा काढून नांगरट झालेली असते आणि उलथलेल्या ढेकळांतून हरळीच्या पांढऱ्या काशा लोंबत असतात. तिन्ही रानांच्या मालकांपुढे प्रश्न एकच असतो: मातीवर आणि मातीत साठलेल्या या पसाऱ्याचे करायचे काय?

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला जोडायचे दातांचे औजार हे त्यावरचे एक उत्तर आहे. कोणी त्याला दाताळे म्हणतो, कोणी रेक, कोणी नुसता पंजा. ते कंपनीचे मिळते आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही बनते. मी या औजाराच्या बाजूने आहे, पण ते कशासाठी वापरायचे याबद्दल आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. जिथे दाताळे चालायला हवे तिथे रोटाव्हेटर घातला जातो, आणि जिथे ते चालवू नये तिथे त्याने पाचट ओढून ढिगाला काडी लावली जाते. या लेखात दोन्ही बाजू तपासू, आणि औजार बनवायचे असेल तर कसे बनवावे तेही पाहू.

दाताळे ही वस्तू आपल्याला नवी नाही. खळ्यावर काड हलवायला, कडबा सारखा करायला लाकडी दाताळे घरोघर होते. रानातली धसकटे मात्र वखराच्या पाळीनंतर हातानेच वेचली जात. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाळलेले गवत गोळा करण्यासाठी घोड्यांनी ओढायचे मोठे दाताळे आले. त्याचे दात वाकडे असत, मागे बसायला जागा असे आणि पायाने दाबले की दात वर उचलले जाऊन गवताची रास खाली पडत असे. पुढे ट्रॅक्टर आला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांची तीन ठिकाणी जोडायची पद्धत रुळली आणि औजार चालकाच्या हातातल्या दांड्यावर वर-खाली होऊ लागले. आज हट्ट्याच्या कोणत्याही ट्रॅक्टरमागे मोगडा, पल्टी नांगर किंवा दाताळे लागते ते याच जोडणीवर.

याच घराण्यातले एक नाजूक भावंड म्हणजे हिरवळीचे दाताळे. मैदानावर किंवा बागेत वर्षानुवर्षे गवत कापत राहिले की हिरव्या पात्यांखाली आणि मातीच्या वर न कुजलेल्या खोडांचा, मुळांचा, पात्यांचा एक दाट थर बसतो. पातळ असला तर तो ओल धरतो आणि चालणाऱ्याच्या पायाला मऊ लागतो. तो साधारण सव्वा सेंटिमीटरच्या वर गेला की पाणी आणि खत त्यातच अडकते, मुळे मातीत न उतरता त्या थरातच राहू लागतात आणि बुरशीला घर मिळते. मग लहान ट्रॅक्टरमागे स्प्रिंगच्या बारीक दातांचे दाताळे लावून तो थर विंचरून काढतात. उष्ण देशांतल्या मैदानांवर ही हिरवळ बहुतेक वेळा ज्या गवताची असते, त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहायची दूर्वा. तिकडे हेच गवत निरोगी राहावे म्हणून दाताळे फिरवतात. आपल्याकडे ते मुळासकट निघावे म्हणून फिरवायचे आहे.

औजाराच्या बांधणीतला सगळा फरक इथून सुरू होतो. हिरवळीच्या दाताने माती खरवडायची नसते, फक्त वरचा थर सैल करायचा असतो. म्हणून तो दात बारीक असतो, लवचीक असतो आणि वजनाने हलका असतो. हट्ट्याच्या काळ्या रानात हरळीच्या काशा हव्या असतील तर दात दहा-पंधरा सेंटिमीटर खाली गेला पाहिजे, आणि ही माती ओली असताना चिखलासारखी धरते, तर वाळल्यावर विटेसारखी होते. बागेसाठी बनलेले दाताळे स्वस्त दिसले म्हणून मागवले, तर पहिल्याच ढेकळात त्याचे दात सरळ होतील. चित्रात दोन्ही औजारे सारखीच दिसतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

हरळी, कुंदा आणि कांस या तीन गवतांनी काळ्या मातीच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या जेरीस आणले आहे. लाकडी नांगर त्यांच्या मुळापर्यंत पोचत नसे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला आणि माती खोलवर उलटवणे बैलांच्या आवाक्यात आले. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न किती मोठा मानला गेला ते एका गोष्टीवरून कळते. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेले दुसरेच कर्ज, एक कोटी डॉलरचे, शेतीच्या यंत्रांसाठी होते, आणि त्या यंत्रांचे मुख्य काम मध्य भारतातल्या कांसाने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरून मोकळ्या करणे हे होते. पहिले कर्ज रेल्वेसाठी होते. म्हणजे रेल्वेच्या पाठोपाठ देशाने कर्ज काढले ते एका गवताशी लढायला.

या सगळ्या इतिहासात खोल जाण्याचे काम सुटत गेले. वर आलेल्या काशा गोळा करण्याचे काम मात्र होते तिथेच राहिले, बायकांच्या हातावर. नांगरटीमागे एप्रिल-मेच्या उन्हात, पारा बेचाळिशीच्या पुढे असताना, ओळीने वाकून ढेकळे फोडत हरळी वेचणाऱ्या बायका हे आमच्या भागातले नेहमीचे दृश्य आहे. यंत्रे आली ती नांगरायला, पेरायला, मळायला. वेचायला यंत्र आले नाही, कारण वेचणे हे काम कोणी मोजलेच नाही. दाताळ्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण हाच आहे की ते या वाकण्यातले बरेचसे कमी करते.

आता हरळीचा स्वभाव पाहू, कारण त्यावर औजाराची निवड ठरते. हरळी बियांपेक्षा पसरते ती जमिनीवरच्या धावत्या फांद्यांनी आणि जमिनीखालच्या काशांनी. काशीच्या प्रत्येक पेऱ्याला डोळा असतो आणि एका पेऱ्याचा तुकडा नवे झाड होतो. रोटाव्हेटरची पाती अशा काशांची खांडोळी करतात. रान दोन दिवस भुसभुशीत आणि स्वच्छ दिसते, मालक समाधानी होतो, आणि पहिल्या पावसानंतर जिथे एक गड्डा होता तिथे सगळीकडे हिरवे ठिपके उठतात. हरळीच्या रानात रोटाव्हेटर घालणे म्हणजे हरळीची लावण करणे. हे कठोर वाटेल, पण यात अतिशयोक्ती नाही.

हरळीच्या दोन कमजोऱ्या आहेत. उघड्या काशीला कडक ऊन सोसत नाही आणि वाढलेल्या झाडाला सावली सोसत नाही. या दोन्ही मिळून पद्धत तयार होते. रब्बी निघाली की रान खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू द्यायची. ती तापून ठिसूळ झाली की मोगडा किंवा वखर घालून फोडायची, म्हणजे काशा मोकळ्या होतात. मग दाताळे. पहिली पाळी उथळ, पाच-सात सेंटिमीटरची. तिच्यात वरचा सगळा गुंता निघतो आणि दुसऱ्या पाळीला दात तुंबत नाहीत. दुसरी पाळी पहिलीला आडवी, बारा-पंधरा सेंटिमीटर खोल. दोन पाळ्यांमध्ये चार-सहा दिवसांचे ऊन गेले तर उत्तम. रास पडेल ती प्रत्येक वेळी एकाच ओळीत टाकायची, म्हणजे ट्रॉली रानात एकदाच फिरवावी लागते. पुढच्या खरिपात त्या रानात ताग, धैंचा किंवा दाट सोयाबीन घेऊन जमीन लवकर झाकायची. जे चुकून राहिले ते सावलीखाली कमजोर होते. एका उन्हाळ्यात हरळी संपत नाही. सलग दोन उन्हाळे हेच केले तर खुरपणीचा खर्च लक्षात येण्याइतका उतरतो.

रास बाहेर काढल्यावरचा भाग बहुतेक जण विसरतात. अर्धवट ओल्या काशा उकिरड्यावर टाकल्या तर त्यातल्या कित्येक जगतात आणि पुढच्या वर्षी शेणखताबरोबर गावभरच्या रानांत जातात. त्या कडक जागेवर पातळ पसरून, उलटून, मोडली की कट्‌कन आवाज येईल इतक्या वाळवाव्यात, मगच खतखड्ड्यात घालाव्यात. आणि बांध? रान स्वच्छ करून बांधावरची हरळी तशीच ठेवली तर ती दरवर्षी हातभर आत येते. पूर्णा प्रकल्पाच्या, म्हणजे येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यावर भिजणाऱ्या रानांत चारीचा काठ हे हरळीचे कायमचे घर असते. तिथे दाताळे जात नाही, तिथे कुदळच हवी.

कुंद्याला मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. त्याची मुळे हरळीपेक्षा खोल असतात, म्हणून नांगरटच जास्त खोल लागते आणि दाताळे फक्त वर आलेले गोळा करते. लव्हाळ्याच्या बाबतीत दाताळे वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली बारीक दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि साखळी अखंड असते तोवर त्यातल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. दाताने दोरा तुटला की एकेक गाठ स्वतंत्रपणे उगवते. गाठ दाताला अडकत नाही, ती मागेच राहते. म्हणजे काम होत नाही आणि तण वाढते. दाताळे भाड्याने आणण्याआधी रानात नक्की कोणते गवत आहे, ते दोन ठिकाणी खणून पाहावे.

तणनाशकाने हे सगळे सोपे होत नाही का, असे विचारले जाते. ग्लायफोसेट हिरव्या हरळीच्या पात्यांतून काशांपर्यंत जाते, हे खरे. पण त्यासाठी हरळी जोमात वाढत असावी लागते, उन्हाळ्यातल्या वाळक्या रानात ते उपयोगाचे नाही. उभ्या हळदीत फवारले तर हळदच जाईल. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले आणि ते परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फतच वापरावे असे ठरवले. अशा वेळी लोखंडाच्या दातांचा विचार नव्याने करणे भाग आहे.

आता बनवण्याकडे येऊ. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडची बहुतेक दाताळी वेल्डिंगच्या दुकानातच जन्मतात आणि त्याच त्या चुका पुन्हापुन्हा होतात.

पहिली चूक दाताच्या पोलादाची. जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा दात उत्तम होतो, कारण ते स्प्रिंगचे पोलाद असते, दगडावर वाकून परत सरळ होते. पण हाच पाटा चौकटीला वेल्डिंगने चिकटवला जातो आणि मग हंगामाच्या मध्यात तो जोडाशेजारून काचेसारखा तुटतो. या पोलादात कर्ब जास्त असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो आणि तिथेच तडा जातो. म्हणून नियम साधा आहे: स्प्रिंगच्या पोलादाचा दात चौकटीला नटबोल्टनेच बांधावा. चौकटीवर साध्या लोखंडाची पकड वेल्ड करावी आणि दात त्या पकडीत दोन बोल्टांनी आवळावा. बदलणेही सोपे जाते. पाटा भट्टीत लाल करून वाकवला असेल तर त्याचा मूळ ताव गेलेला असतो. त्याला परत पाणी देणारा जाणता लोहार असेल तरच तो दात टिकेल. आमच्या गावांतून असे लोहार कमी होत चालले आहेत आणि त्यांची जागा घेणाऱ्या पोरांना वेल्डिंग येते, पण ताव ओळखता येत नाही. ही खंत या एका औजारापुरती नाही.

दुसरी चूक दातांच्या मांडणीची. सगळे दात एकाच ओळीत जवळजवळ बसवले तर पहिल्या वीस-पंचवीस पावलांत काशांचा गठ्ठा होऊन औजार मातीवर तरंगू लागते. दात तीन ओळींत विभागावेत. प्रत्येक ओळीत दोन दातांत तीस सेंटिमीटर अंतर असावे आणि मागची ओळ पुढच्या ओळीच्या फटीत यावी, म्हणजे प्रत्यक्ष रानात दर दहा सेंटिमीटरला एक रेघ पडते. दोन ओळींमध्ये पंचेचाळीस सेंटिमीटर आणि चौकटीखाली अर्धा मीटर मोकळी जागा असली की गुंता फिरत राहतो, अडकत नाही. उंची कमी ठेवून लोखंड वाचवण्याचा मोह इथे महागात पडतो.

दाताचा आकार कसा असावा? सरळ उभा दात काशा कापतो किंवा त्यांच्यावरून घसरतो. टोक थोडे पुढे झुकलेले आणि वरचा भाग मागे वळलेला असा दात काशीच्या खाली शिरून तिला वर चढवतो. इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी वळणाचा दात असेल तर चालताना तो थरथरतो आणि काशांना चिकटलेली माती झडून जाते. हे फार महत्त्वाचे आहे, कारण मातीसकट गोळा झालेली हरळी वाळत नाही, आणि रानाची वरची चांगली माती बांधाबाहेर जाते ती वेगळीच. मोगड्याला असतात तशा जोडस्प्रिंगा लावलेले ताठ दातही चालतात. जमिनीत गोटे असतील तर ते जास्त सुरक्षित.

रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला साधारण सहा-साडेसहा फूट पुरते, तर लहान ट्रॅक्टरला चार फूट. चौकटीला जाड चौकोनी पाइप घ्यावा. जोडणीच्या मापात मनाने बदल करू नये. या वर्गातल्या अनेक ट्रॅक्टरांना खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची लागते. मोठ्या ट्रॅक्टरांना २८ आणि २५. पिन बारीक घालून भोक मोठे ठेवले तर पहिल्या वळणावर हिसका बसून भोक लांबट होते आणि पुढे औजार कायम डुलत राहते.

आणखी दोन गोष्टी जवळजवळ कोणीच लावत नाही, आणि त्या लावाव्यात असा माझा आग्रह आहे. एक, दोन्ही बाजूंना खोली ठरवणारी चाके. दाताळ्याला ओढ कमी लागते, म्हणून ते नांगरासारखे ट्रॅक्टरच्या ओढनियंत्रणावर टाकले की सारखे वर-खाली होत राहते. लिव्हर स्थितीनियंत्रणावर ठेवावा, चाकांनी खोली पक्की करावी आणि औजार जमिनीच्या चढउतारावर चालू द्यावे. दुसरी, दातांच्या मधून जाणाऱ्या सोडपट्ट्या. घोड्यांच्या जुन्या दाताळ्यात त्या असत. दात वर उचलले की गवत या पट्ट्यांना अडून खाली पडते. त्या नसतील तर ओळीच्या टोकाला ड्रायव्हर उतरतो आणि हाताने किंवा पायाने गुंता काढतो. नेमके तेव्हाच अपघात होतात. वर उचललेल्या औजाराखाली हात घालू नये, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही घाई असली की घातला जातो.

टॉपलिंक, म्हणजे जोडणीची वरची दांडी, हा या औजाराचा कान आहे. ती आखडली की दातांची टोके खाली वळून जास्त रुततात, सैल केली की टोके पुढे झुकून माती कमी खोदतात. पहिल्या पाळीला सैल, दुसरीला आखूड. खालच्या दांड्यांच्या बाजूच्या साखळ्या ताणून ठेवाव्यात. वेग माणसाच्या झपझप चालण्याइतका, ताशी चार ते सहा किलोमीटर. त्याहून जोरात हाकले तर दात उड्या मारतात आणि काशा तुटतात. आणि वापसा नसेल तर ट्रॅक्टर रानात नेऊच नये. मूठभर माती दाबून ती लाडवासारखी राहिली तर दात चिखलाने भरतील, दाताळ्याचा फळा होईल.

पाचटाची गोष्ट पूर्ण उलटी आहे. वसमतचा पूर्णा आणि कुरुंद्याचा टोकाई या कारखान्यांमुळे या पट्ट्यात ऊस रुजला. तोड झाली की हेक्टरी आठ ते दहा टन पाचट मागे राहते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि तीस-चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हिशेब केला तर हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र आणि साठपासून शंभर किलोपर्यंत पालाश आपण काडीपेटीच्या एका काडीने उडवतो, निदान नत्र आणि कर्ब तर नक्कीच जातात. राखेत पालाश राहतो, पण वाऱ्याने तीही शेजाऱ्याच्या रानात जाते. मराठवाड्याच्या जमिनी सेंद्रिय कर्बाला आधीच भुकेल्या आहेत. तिथे दाताळ्याने पाचट ओढून बांधावर नेणे किंवा पेटवणे हा गुन्हा समजावा इतकी माझी भावना तीव्र आहे.

खोडव्यात दाताळ्याला एकच रास्त काम आहे: पाचट बुडख्यांवरून हटवून सरीत सारणे. चार-साडेचार फुटांची पट्टा लागवड असेल, ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळल्या असतील आणि दात बुडख्याला न लागता फक्त सरीतून जातील असे मधले दात काढून ठेवले असतील, तरच ते नीट होते. त्यानंतर पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे, ही शिफारस आता जुनी आणि कसाला लागलेली आहे. पाचटाची कुट्टी करणारे यंत्र परवडत असेल तर तेच घ्यावे, दाताळ्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. वीज बनवण्यासाठी कारखाने पाचटाची गाठोडी विकत घेतात, तिथे दाताळे आणि बेलर मिळून काम करतात. पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्याला मी नको म्हणणार नाही, पण निदान एक वर्षाआड पाचट रानातच ठेवावे.

पऱ्हाटीचे उत्तर सोपे आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत आणि तिच्यावर राहिलेल्या वाळक्या बोंडांत तग धरते, म्हणून हंगाम संपताच ती उपटून गोळा करावीच. इथे दाताळे बेधडक वापरावे, दात फक्त विरळ ठेवावेत. तुराट्यांचेही तसेच. सोयाबीनची गुळी बारीक असते, ती दाताळ्यात येतच नाही. तिच्यामागे धावू नये, रानात पसरली तर चांगलेच. हळदीचा पाला कापणीनंतर रानात राहतो. तो कंदकुजीच्या रानातला असेल तर बाहेर काढून वेगळा कुजवावा, निरोगी रानातला असेल तर तिथेच राहू द्यावा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तालुक्यात हळद संशोधन केंद्र उभे राहते आहे. हळदीच्या रानातली हरळी आणि काढणीनंतरचा पसारा हाही संशोधनाचाच विषय आहे.

मैदानांबद्दल दोन शब्द. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि मंगल कार्यालयांच्या लॉनवर आता आमच्याकडेही हिरवळ दिसते. हरळीची हिरवळ विंचरायची वेळ ती जोमात वाढू लागते तेव्हाची असते. मराठवाड्यात ती मृगाच्या पहिल्या पावसाच्या आगेमागे येते. भर उन्हाळ्यात पाणी नसताना थर काढला तर मुळे उघडी पडून हिरवळ जाते. आणि त्या कामाला शेतातले दाताळे अजिबात नेऊ नये, त्याने मैदानाची नांगरट होईल.

राहता राहिला पैसा. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून औजारांना चाळीस ते पन्नास टक्के अनुदान मिळते, अर्ज महाडीबीटीवर होतो. पण अनुदान मिळते ते चाचणी झालेल्या औजारांना. गावातल्या कारागिराने आपल्या मातीसाठी बनवलेले दाताळे कितीही चांगले असले तरी त्याला चाचणीचा कागद नसतो, म्हणून ते शेतकऱ्याने पूर्ण पैशाने घ्यायचे. परिणामी अनुदान रोटाव्हेटरकडे जाते आणि हरळीची लावण सरकारी खर्चाने होते. यात कोणाचा वाईट हेतू नाही. पण व्यवस्थेत खोट आहे आणि ती काढता येईल.

हट्ट्यापासून परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळ आहे. १९७२ पासून या मातीचा अभ्यास तिथे चालतो. विद्यापीठाने हिंगोली-परभणीच्या कारागिरांची दाताळी एका उन्हाळ्यात हरळीच्या रानावर एकत्र चालवून पाहावीत. कोणत्या दाताने किती काशा वर येतात आणि किती माती जाते ते मोजावे, आणि सर्वांत चांगल्या औजाराचा मापांसहित आराखडा मराठीत खुला करावा, म्हणजे कोणताही वेल्डर तो भिंतीवर लावून काम करू शकेल. वसमतच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तोवर एकेक दाताळे सामायिक घ्यावे. वर्षातून पंधरा-वीस दिवस लागणारे औजार घरोघर असण्याची गरज नाही. आणि ज्यांना यंदाच बनवून घ्यायचे आहे त्यांनी पाडव्याच्या आत दुकानात जावे, दात बोल्टनेच बसवायला सांगावे आणि सोडपट्ट्या लावल्याशिवाय पैसे देऊ नयेत.